सावलीतलं गाव

मला इंग्रजी येत नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही कणकवलीजवळच्या गावात, आणि ती पावसाळ्यात निम्मे दिवस बंद. बर्फ मी आयुष्यात पाहिला तो मासळीबाजारात, पापलेटाखाली. तरीसुद्धा सन ऐंशीनंतरची आठ-दहा वर्षं पार्ले, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर इथली जी माणसं हिवाळ्याच्या सुट्टीत युरोपातल्या बर्फावर जाऊन आपटली, त्यातली बरीचशी मी निवडलेल्या गावात आपटली. हे मी फुशारकीनेच सांगतो. खोटं कशाला बोलू?

आमच्या सोसायटीतल्या कुलकर्णीबाई दरवर्षी दिवाळी अंक काढतात. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही ट्रॅव्हलवाले, काहीतरी लिहा. मन रमेल." मन रमणार नाही, ते मला माहीत आहे. माझी बायको मंदा गेल्या मार्गशीर्षात गेली. चाळीस वर्षं आम्ही रोज भांडलो. आता भांडायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलोय.

पार्ल्याला स्टेशनपासून चार मिनिटांवर, साडीच्या दुकानाच्या वर, नाडकर्णी साहेबांचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. साहेब, तिकिटं करणाऱ्या डिसोझाबाई आणि मी, एवढाच कारभार. मी शिपाई. गिऱ्हाइकांचे पासपोर्ट कापडी पिशवीत घालायचे, पिशवी शर्टाच्या आत बांधायची आणि टाऊनात वकिलातींसमोर जाऊन रांगेत उभं राहायचं. प्रत्येक देशाची रांग वेगळी, शिक्का वेगळा. परत आलो की चहा, पोस्ट, झाडू.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रॅव्हल एजंट म्हणजे तिकीट विकणारा. तिकीट कोणीही विकतो. खरं काम म्हणजे माणसाची आणि गावाची सोयरीक जमवणं. चुकीची जमली की दोन्हीकडचे लोक शिव्या देतात, त्याही मधल्या माणसाला.

परदेशातले हॉटेलवाले रंगीत पुस्तकं पाठवायचे. साहेब त्यातलं इंग्रजी वाचायचे. इंग्रजीत सगळीच गावं जगात सर्वांत सुंदर. मला वाचता येत नव्हतं म्हणून मी फोटो बघायचो. फोटो काढणारा लपवून लपवून किती लपवणार? हॉटेलच्या दाराला पायऱ्या किती ते दिसतं. खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसलीत की सगळी पंचविशीतली, तेही दिसतं. बायकांच्या पायात उंच टाचा असतील तर ते गाव चालायचं नाही, नटूनथटून मिरवायचं. स्टेशन आणि हॉटेल कधीच एका फोटोत नसतील तर समजायचं की बॅगा उचलून मरायचंय.

साहेब गिऱ्हाइकाला विचारायचे, "कुठला देश डोक्यात आहे?" मी चहाचा कप ठेवता ठेवता विचारायचो, "कितव्या मजल्यावर राहता? लिफ्ट आहे का?" बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचे गुडघे मला न बघता कळायचे. "घरात सगळ्यात आधी कोण उठतं? सगळ्यात जास्त कोण कुरकुर करतं?" ज्याची कुरकुर जास्त त्याच्यासाठी गाव शोधायचं, बाकीचे आपोआप सुखी होतात. साहेब पहिल्यांदा डोळे वटारायचे. मग दोन-तीनदा माझं बरोबर निघालं आणि साहेबांचं चुकलं. तेव्हापासून हिवाळ्याचं गिऱ्हाईक आलं की ते म्हणायचे, "आमच्या बर्फवाल्याला बोलवा."

सगळी ऐकायची असंही नाही. अंधेरीचे एक दाताचे डॉक्टर होते. त्यांना सगळ्यात नावाजलेलं गाव हवं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, ह्या फोटोतल्या कुत्र्याच्या अंगावरचा कोट बघा. तुमच्या बाईसाहेबांकडे एवढा भारी कोट आहे काय?" डॉक्टर चिडले. गेले तिथेच. आल्यावर बाईसाहेब एकट्या ऑफिसात आल्या आणि मला म्हणाल्या, "दत्ताराम, मी मैत्रिणीचा कोट मागून नेला होता. आठ दिवस खोलीतून बाहेर पडले नाही." मी चहा दिला.

उलट मुलुंडचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं. नवरा पहिल्याच दिवशी त्या लांब फळ्या पायाला बांधून उतारावरून सुटला तो सरळ लाकडाच्या ढिगात. पाय मोडला. दहा दिवस प्लास्टरमध्ये. मी घाबरून त्यांच्या घरी पासपोर्टची चौकशी म्हणून गेलो, तर पोरगी दारातच हसत म्हणाली, "काका, बेस्ट गाव दिलंत! दहा दिवस ह्याला कुठे पळून जाता आलं नाही. आम्ही पत्ते खेळलो आणि पोटभर बोललो." असलं यश मी पुस्तकात बघून कसं ठरवणार? पण घेतलं पदरात.

आता मंदाचं सांगतो. ऑफिसातली जुनी पुस्तकं मी घरी आणायचो. तेव्हा आम्ही अंधेरी पूर्वेला दुमजली चाळीत राहायचो. ती सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढे, आणि हे ती विसरू द्यायची नाही. उन्हाळ्यात आख्ख्या चाळीची वाळवणं तिच्या ताब्यात. पापड, कुरडया, आमसुलं, मिरच्या. गच्चीवर ऊन कुठल्या कोपऱ्यात कितीला येतं, पाण्याच्या टाकीची सावली कितीला कुठे सरकते, हे तिला घड्याळ न बघता माहीत. बायका भांडायला लागल्या की ती गच्चीवर खडूने रेघ मारायची. "अकरापर्यंत तुझं, अकरानंतर हिचं." पुढे कोणी बोलायची हिंमत नाही.

जेवणानंतर आम्ही ती पुस्तकं जमिनीवर पसरायचो. ती फोटो बघून बोलायची. "ह्या हॉटेलात स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे, धूर तिकडून येतोय. तुमच्या त्या दम्याच्या बाईला मागची खोली देऊ नका." दुसऱ्या दिवशी मी तेच साहेबांना सांगायचो. साहेब म्हणायचे, "दत्ताराम, तुझी नजर म्हणजे झकास!" मी मान हलवायचो. मंदाचं नाव घ्यायचो नाही. शिपायाच्या नजरेला साहेब मान देत होते, शिपायाच्या बायकोच्या नजरेला दिला असता का, कोण जाणे. मी कधी विचारून बघितलं नाही, हे खरं.

मग सामंतांचं प्रकरण झालं. नावं मी बदललीयत.

सामंत साहेबांचा मरोळला यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना. जर्मनीतल्या एका कंपनीकडून ते यंत्रं घेत. त्या कंपनीने त्यांना सहकुटुंब डिसेंबरात बोलावलं होतं. चार दिवस काम, मग आठ दिवस डोंगरात सुट्टी, सगळं त्यांच्याकडून. फक्त गाव यांनी निवडायचं. घरात सामंत, त्यांची बायको, कॉलेजातला मुलगा, मुलगी आणि सामंतांची आई. आजी पंचाहत्तरीच्या, थोडा दमा, पण काटक. सावंतवाडीकडच्या.

पासपोर्टच्या फॉर्मवर अंगठा द्यायला आजींना ऑफिसात आणलं होतं. सामंत आत साहेबांशी बोलत होते, आजी बाहेर माझ्या स्टुलाशेजारच्या बाकावर. मी शाईचा डबा पुढे केला. आजींनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"खयचो रे तू?"

"कणकवलेकडचो, आजी."

"मगे बरां झालां. तुका एक सांगतंय." त्यांनी काचेच्या दाराकडे बघून आवाज उतरवला. "हेंका वाटता, म्हातारेक ऊब व्हयी. माका ऊब नको. माका बर्फ बघूचो आसा."

"बघशात की. तिथे बर्फाशिवाय आसा काय?"

"तसो नाय. हातात घेवन." आजी अंगठ्याची शाई पुसत बसल्या. "माजो थोरलो झील, वसंत. चीनच्या लढाईक गेलो तो थंयच बर्फात रवलो. काय्येक परत इलां नाय. पंचवीस वर्षां झाली. तो कसल्या जाग्यार निजलो, तां एकदा बघूचां आसा. घरात बोलू नको हां. घरात तेचां नाव काढलां की सगळे गप होतत."

मी म्हटलं, "आजी, बर्फ नक्की. दारात बर्फ."

"नक्की मा?"

"नक्की."

मी तोंडाने एवढं बोललो आणि लगेच आतून हाक आली. आत सामंत तीन पुस्तकं पसरून बसले होते. मुलाला उंचावरचं मोठं गाव हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईला फार उंचावर नेऊ नका, दम लागेल. सामंत म्हणाले, "बर्फवाले, बोला. आत्ता ठरवायचंय, जर्मनांना उत्तर द्यायचंय."

एरवी मी म्हटलं असतं, उद्या सांगतो. घरी गेलो असतो, पुस्तकं पसरली असती. पण सामंतांसारखा कारखानदार खुर्ची ओढून मला "बसा" म्हणत होता. डोक्यात हवा गेली. मी पुस्तक चाळलं. एक गाव खाली, दरीत. हॉटेलपुढे लाकडी सज्जा, सज्ज्यावर ओळीने खुर्च्या, खुर्च्यांवर म्हातारी माणसं डोळे मिटून उन्हात बसलेली. छपरांवर हातभर बर्फ. दाराला दोनच पायऱ्या. मी बोट ठेवलं.

"हे. उंच नाही. दिवसभर ऊन. आजी खुर्चीत बसतील, पोरं समोर खेळतील."

आम्ही कोकणातली माणसं. घर बघायचं तर पहिलं खळं बघतो, म्हणजे दारापुढचं अंगण. खळ्यात ऊन आहे ना? मग घर चांगलं. मी तेच केलं. आणि तिथेच वाट लागली.

नाताळानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला फोन आला. साहेबांनी घेतला, ऐकलं आणि माझ्याकडे दिला.

"दत्ताराम," पलीकडून सामंत, आवाज खरखरत होता, "इथे गवत आहे."

"काय आहे, साहेब?"

"गवत! हिरवं! सगळीकडे ऊन. मुलगा भाड्याने घेतलेल्या फळ्या मांडीवर घेऊन सज्ज्यात बसलाय. मुलगी विचारते, बाबा, आपण लोणावळ्याला का नाही गेलो?"

"आणि आजी?"

"आई काय, आई ठीक आहे. खुर्चीत बसलीय. जेवत नाही फारशी, पण तिला इथलं रुचत नसेल. हे बघ, मी उद्या दुपारची गाडी धरून सगळ्यांना शहरात नेतोय. दुकानं तरी बघतील. नाडकर्णींना सांग तिथलं हॉटेल बघायला."

फोन ठेवला. साहेब मला म्हणाले, "चूक माझीच. चौथी पास माणसाच्या हातात मी कारखानदार दिला. उद्यापासून पासपोर्ट आणि चहा. पुस्तकांना हात लावायचा नाही."

ते बरोबरच बोलले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण मोठं वाईट वेगळंच होतं. आजी उन्हातल्या खुर्चीत बसल्यात आणि गवताकडे बघतायत. कोणाला सांगू शकत नाहीत. पुन्हा तिकडे त्या कधी जाणार? शहरात गेल्या की संपलं. आणि "नक्की" म्हणणारा मी.

मी निघताना ते पुस्तक शर्टात घातलं. हात लावायचा नाही उद्यापासून, असं साहेब म्हणाले होते. आज चालतंय.

घरी पोचलो तेव्हा मंदा तांदूळ निवडत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "कोणाचा पासपोर्ट हरवलात?"

मी सगळं सांगितलं. आजींचंही सांगितलं. कोणाला सांगू नको म्हणाल्या होत्या, पण बायकोला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे. ती सूप बाजूला ठेवून हात पुसत आली. पुस्तकाच्या मधे घडी घातलेला मोठा फोटो होता, आख्ख्या दरीचा. तो तिने जमिनीवर उलगडला. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं ती उन्हात दही ठेवणाऱ्या सुनेकडे बघत असेल.

"हे गाव तुम्ही निवडलंत?"

"हो."

"मला न विचारता?"

"सामंत समोर बसले होते."

"सामंत समोर बसले की अक्कल मागच्या दाराने जाते काय? अहो, ही तर वाळवण घालायची जागा! दिवसभर ऊन. इथे माझे पापड दोन दिवसांत खडखडीत होतील. तिथे बर्फ राहील कशाला?"

"फोटोत आहे ना."

"फोटो ज्या दिवशी बर्फ पडला त्या दिवशी काढलाय. पुढे चार दिवसांत गेला असेल वितळून. पडतो तो सगळीकडे पडतो. प्रश्न टिकतो कुठे, हा आहे." ती गुडघ्यांवर बसून फोटोच्या दुसऱ्या टोकाला सरकली. "ही समोरची बाजू बघा. सगळ्या झाडांची सावली इकडेच पडलीय. डोंगर मागे उभा आहे, ऊन अडवून. झाडं काळी दिसतात. ही चार-पाच छपरं दिसतात काय? धूर निघतोय, म्हणजे माणसं आहेत. त्या बिचाऱ्या बायकांचं धुणं आठ-आठ दिवस वाळत नसेल."

"मग?"

"मग काय? बर्फ तिथे असेल. आणि उंच कुठे आहे? तुमच्या गावाच्या समोरच आहे, नदी ओलांडली की झालं. आजींना दम लागायचा प्रश्न नाही. हा रस्ता बघा, पुलावरून जातोय." तिने फोटोवर नखाने रेघ मारली, गच्चीवर खडूने मारायची तशी. "इथे न्या म्हणावं. एका दिवसासाठी न्या. शहर कुठे पळून जातंय?"

मी म्हटलं, "साहेब ऐकणार नाहीत. उद्यापासून माझं चहाचं काम."

"मग चहा देता देता सांगा," ती म्हणाली आणि परत तांदळाला बसली.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. चहा ठेवला आणि कपाशेजारी तो फोटो उलगडला. साहेब म्हणाले, "तुला काय सांगितलं होतं?" मी म्हटलं, "साहेब, हे शेवटचं. चुकलं तर मी स्वतःच राजीनामा देतो. फक्त सामंत उतरलेत तिथल्या हॉटेलवालीला फोन करून एवढं विचारा, नदीपलीकडच्या सावलीतल्या गावात बर्फ आहे की नाही." साहेबांनी घड्याळ बघितलं. तिकडे अजून पहाट झालेली नव्हती. दोन तास आम्ही दोघे फोनकडे बघत बसलो. डिसोझाबाई मधूनमधून माझ्याकडे बघून गळ्यातल्या क्रॉसला हात लावत होत्या.

साडेबाराला फोन लागला. साहेब इंग्रजीत बोलत होते. मला फक्त त्यांच्या भुवया वाचता येत होत्या. भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. फोन ठेवून म्हणाले, "ढोपरभर बर्फ आहे म्हणते. सकाळी दहाला बस जाते, वीस मिनिटांत पोचते. त्या गावात हिवाळ्याचे दोन महिने ऊन येतच नाही, म्हणून बाहेरचा कोणी तिथे राहायला जात नाही, म्हणून त्या गावाचं पुस्तकच कोणी छापत नाही." मग माझ्याकडे वळले. "तुला कसं कळलं?"

मी म्हटलं, "फोटोवरून."

एवढंच म्हटलं. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

साहेबांनी सामंतांना तिथल्या तिथे फोन लावला. सामंत कुरकुरले, पण मुलगा मागून ओरडत होता ते इथपर्यंत ऐकू आलं. बस गाठली त्यांनी. गेले ते एका दिवसासाठी, पण त्याच बसने रोज जात राहिले, पाच दिवस. शहर राहून गेलं. संध्याकाळी साहेबांनी पेढे आणले आणि माझं स्टूल काढून मला टेबलाशी खुर्ची दिली. घरी गेलो तर मंदाने दारातच विचारलं, "मिळाला बर्फ?"

"ढोपरभर."

ती इतकी हसली की शेजारीण डोकावली. मग म्हणाली, "साहेब काय म्हणाले? माझं सांगितलंत?"

"सांगितलं," मी म्हटलं. "खूश झाले."

ह्याला मात्र खोटंच म्हणतात.

जानेवारीत सामंत परत आले. आठ-दहा दिवसांनी दुपारी ऑफिसच्या जिन्यावर काठीचा आवाज आला. आजी. एकट्या, ड्रायव्हरचा हात धरून. साहेब बाहेर गेले होते. आजी माझ्या नव्या खुर्चीसमोर बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "तू तो गाव कसो शोधलंस? थंयची हॉटेलवाली सांगी होती, त्या गावाचां नाव कोण इचारीत नाय."

साहेबांना खोटं सांगणं सोपं होतं. पगार देणाऱ्या माणसाला आपण थोडंफार खोटं सांगतोच. आजींकडे बघून ते जमेना. मी म्हटलं, "आजी, मी नाय शोधलंय. मी तुमका गवतात पाठवलंय. साहेबांका वाटता मी शोधलंय, पण बायलेन शोधल्यान."

"बायलेन? शिकलेली आसा?"

"सातवी. पण वाळवणां घालता."

आजी काठी टेकून उठल्या. "चल. माका तिका बघूचां आसा."

"आत्ता?"

"मगे कधी? मी काय परत जन्माक येतलंय?"

सामंतांच्या मोटारीतून मी माझ्याच चाळीत उतरलो. आख्खी चाळ गॅलरीत. मंदा साडीला हात पुसत बाहेर आली आणि आजींना बघून पदर सावरायची घाई झाली. मी ओळख करून दिली. आजी चटईवर बसल्या. मंदाने मला डोळ्यांनी सांगितलं, चहा टाका. मी ओट्याशी गेलो. खोली दीडच होती, ऐकू सगळं येत होतं.

"गो बाये, तुझो घोव बरो माणूस," आजी म्हणाल्या. "साहेबाक खोटां सांगल्यान, पण माका खरां सांगल्यान. सगळां तूच शोधलंस म्हणता."

ओट्याकडे पाठ करूनही मला मंदाची नजर मानेवर कळली. साहेबाक खोटां. मी चहात साखर घातली. परत घातली.

"कसा होता बर्फ, आजी?" मंदाने विचारलं.

आजी म्हणाल्या, "पंचवीस वर्षां माका वाटा होतां, बर्फ म्हणजे काचेसारको. टोचणारो. वसंताक सगळ्या आंगाक टोचत रवलो आसतलो. रात्रीची जाग इली की तांच डोळ्यासमोर." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "तसो नाय गो. मऊ आसता. पोरां खेळाक गेली, मी वाटेच्या कडेक उभी रवलंय. आणि पडाक लागलो. इतको मऊ की पडलो तां कळना नाय. आवाज नाय. झिलाक निजवताना आपण थोपटतव ना, तितको पण नाय. मी हातमोजो काढलंय आणि हात पुढे धरलंय. सून आरडली, आई, थंडी लागेल. लागली थंडी. लागाक व्हयी होतीच. पण टोचलो नाय. हात तुझो दी."

मी चहा घेऊन वळलो तेव्हा मंदाचा हात आजींच्या मांडीवर उताणा होता. आजी आपल्या बोटांची टोकं वरून हळूहळू खाली आणत होत्या आणि तळहाताला लागेल न लागेल इतपत टेकवत होत्या.

"असो पडता," आजी म्हणाल्या.

चहा निवला. मी कप हातात धरून उभाच.

आजी गेल्या. मोटार वळेपर्यंत मंदा गॅलरीत उभी होती. आत आली, दार लोटलं.

"साहेबांना सांगितलंत म्हणालात ना?"

नाडकर्णी साहेबांना मी पुढेही कधी सांगितलं नाही. आज सांगीन, उद्या सांगीन म्हणता म्हणता साहेब गेले, ऑफिस गेलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. म्हणून इथे छापून सांगतो, चार लोक वाचतील: सावलीतलं गाव मंदाने शोधलं. त्याआधीची आणि त्यानंतरचीही बरीच गावं तिचीच. माझं म्हणावं असं एकच, गवताचं.

पण त्या संध्याकाळी मी गप्पच होतो आणि ती समोर उभी होती.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

मला वाटलं, आता मारते. मारलं असतं तरी चाललं असतं. मी हात पुढे केला. तिने तो उताणा केला, आपली बोटं वर धरली आणि एकेक करून खाली सोडली. पापड लाटून लाटून खरखरीत झालेली बोटं, पण ती टेकली कधी आणि उचलली कधी ते मला खरंच कळलं नाही.

"असा पडतो म्हणे," ती म्हणाली, आणि कप विसळायला गेली.